आवाजांचा वारस

१८ ऑगस्ट, सोमवार

पोहोचलो एकदाचा! देवळाली प्रवराहून काळी-पिवळीत बसलो तेव्हा मांडीवर माझी बॅग होती. जांभूळथडीला उतरलो तेव्हा बॅगेवर कुणाच्यातरी दोन कोंबड्या होत्या, आणि त्यांची मालकीण, पाव्हणं जरा नीट धरा की, म्हणून मलाच दटावत होती. दोन्ही बाजूंना ऊस, मधे खड्डे, समोर प्रवरा. संपलं गाव. तरी मन प्रसन्न आहे. हवा चांगली आहे, काम सोपं आहे, आणि माझ्याइतकं शुद्ध बोलणारा इथे दुसरा कुणी नसल्यामुळे स्पर्धेचा प्रश्नच नाही.

काम असं. ग्रंथालयांतला जुना ठेवा जतन करायला केंद्र सरकारने अनुदान काढलंय. अट अशी की ग्रंथालयाने एखादं रेडिओ केंद्र भागीदार म्हणून सोबत घ्यायचं आणि जतन केलेलं सगळं लोकांना ऐकवायचं. इथल्या सार्वजनिक वाचनालयात जुन्या कॅसेटींचं एक कपाट आहे आणि बाजारतळावर ‘आपली थडी’ नावाचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. दिल्लीतल्या कुणा साहेबाने नकाशावर ही दोन टिंबं शेजारीशेजारी पाहिली असणार, की झाली मंजुरी. मी प्रकल्प-समन्वयक. कॅसेटी संगणकात उतरवायच्या, खरखर साफ करायची, वर निवेदन करायचं.

निवेदन हाच माझा खरा धंदा. मुंबईच्या एका श्राव्यपुस्तकांच्या कंपनीत माझी शेवटची आवाज-चाचणी १५ सप्टेंबरला आहे, फोनवरूनच. ती झाली की या गावाला रामराम. रेश्मा म्हणाली, जा बाबा, पण तिकडचं हाय-न्हाई तोंडाला लावून येऊ नकोस. माझ्या बायकोने मला आधी ऐकलं आणि मग पाहिलं, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत ती विंगेत उभी होती. अजूनही फोनवर म्हणते, नुसता बोलत राहा, काहीही बोल. दुसरं आहे काय माझ्याकडे? उंची बेताची, केस निघाले परतीच्या वाटेला. आवाज मात्र अस्सल आहे आणि तो गेला तर मी कुणीच नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

राहायची सोय भागूबाईंच्या घरी. म्हातारी बडबडी आहे. तिचा नवरा ज्ञानेश्वर अर्धांगवायूने बरीच वर्षं खाटेवर आहे आणि भिंतीकडे बघत असतो. जेवायला मासवडी होती. बेसनाची गुंडाळी आणि तिला मासळीचं नाव! मी दोन घास खाऊन हात धुतले.

२० ऑगस्ट, बुधवार

वाचनालय पाहिलं. पुस्तकं कमी, हार घातलेले फोटो जास्त. ग्रंथपाल भारती. एम.लिब. आहे, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली, आणि ते लपवण्याची तसदी अजिबात घेत नाही. मी पुण्याच्या दोन मोठ्या नावांशी असलेली ओळख सांगितली तर म्हणाली, बरं, आणि रजिस्टरवर सही करा.

कॅसेटींचा कर्ता सहादेव गुरुजी नावाचा एक शिक्षक. निवृत्त झाल्यावर माणसाला काही उद्योग नको? हा टेपरेकॉर्डर घेऊन गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्यासमोर जाऊन बसायचा. नाव, गाव, लग्न, दुष्काळ, असं विचारत विचारत शेवटी एकच प्रश्न: तुमचं काय राहिलंय? मग म्हातारे सांगतात. कुणाची बहिणीची भेट राहिलीय, कुणाला स्वतःच्या बांधावर एक दिवस बिनकामाचं बसायचंय. काय एकेक थोर आकांक्षा! राष्ट्राने जतन करावा असा हा ठेवा. खोकला, शेळ्यांचं बेंबें, मधेच कुणाचंतरी ‘च्या घ्या’.

रेडिओ केंद्राच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत, आवाज घुमू नये म्हणून. केंद्रप्रमुख कल्याण हा बियाण्यांच्या जाहिराती वाचतो आणि प्रत्येक वाक्यानंतर ‘तर शेतकरी बंधूंनो’ म्हणतो. माझा आवाज ऐकून तो म्हणाला, सर, तुमच्या घशात लईच मोठा माणूस बसलाय. मी आभार मानले. कौतुक कुठूनही आलं तरी घ्यावं.

२३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा, म्हणून गावात काम शून्य. बैल नटले होते, माणसांपेक्षा बरे दिसत होते.

आज एक घोडं पेंड खातंय. अनुदानाची अट आहे की प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बोलणाऱ्याची संमती हवी. बोलणारा हयात नसेल तर त्याच्या वारसाने माइकवर, स्वतःच्या आवाजात, स्वतःचं नाव घेऊन एक वाक्य म्हणायचं आणि ते कार्यक्रमाआधी वाजवायचं. वाक्य दिल्लीहून भाषांतर होऊन आलंय: ‘या दिवंगत व्यक्तीचा मी वारस आहे. त्यांचे मागे जे काही राहिले आहे, ते मी स्वीकारतो.’ भाषांतरकाराला आवाज म्हणायचं असावं, लिहिताना आवाज हा शब्दच गाळला गाढवाने.

साधं वाक्य, पण गावातला एक वारस तोंड उघडायला तयार नाही. कल्याणने कारण सांगितलं तेव्हा माझं हसू थांबेना. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवला नाही की घरचा कुणीतरी पुढे होऊन हात जोडतो आणि म्हणतो, तुमचं जे राहिलं ते माझ्याकडं. मग कावळा शिवतो, मेलेला माणूस सुटतो. तर यांचं म्हणणं, हे जवळजवळ तेच वाक्य झालं, ते एकदाच बोलायचं असतं. पुन्हा बोललं तर गेलेलं माणूस वळून बघतं. आमी न्हाई बोलणार, म्हणे. आमच्या पुण्यातही कावळ्याची वाट बघतात, मी वडिलांच्या वेळी तासभर उन्हात उभा होतो. पण म्हणून केंद्र सरकारचं अनुदान कावळ्यावर अडवायचं?

भारतीने मात्र तिच्या आज्जीच्या, चांगुणाबाईंच्या कॅसेटला दोन मिनिटांत संमती दिली. आमच्यात पिंडही नाही आणि कावळाही नाही, आज्जी माझी आहे आणि मी तिची आहे, एवढं सांगायला मला कसली भीती, असं म्हणाली. मी म्हटलं, सगळं गाव तुमच्यासारखं असतं तर! तिने याही कौतुकाची पोच दिली नाही.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. दुपारच्या गाडीने पुण्याला निघायचं, आणि सकाळी दिल्लीहून फोन की पहिला संच आजच पाठवा. मग काय करणार? उरलेल्या सगळ्या बेवारस कॅसेटींचा वारस मीच झालो. स्टुडिओत बसलो आणि एकामागून एक म्हणत गेलो, मी पंकज शिधोरे, बन्सी यांचा वारस. मी पंकज शिधोरे, आक्काबाई यांचा वारस. काय आवाज लागला होता आज! ‘स्वीकारतो’ला तर असा खर्ज उतरला की कल्याण काचेपलीकडे उभाच राहिला. अर्थात तो खर्जाला दाद देत नव्हता. तो बाहेर निघून गेला, त्याने चपलाही घातल्या नाहीत.

भारतीला कळल्यावर ती चांगलीच तापली. कावळ्याशी मला देणंघेणं नाही, म्हणाली, पण ज्यांना तुम्ही कधी पाणी दिलं नाही त्यांचं नातं असं खोटं बोलून घ्यायचं? ही चोरी झाली. मी म्हटलं, बाई, मेलेल्यांची काय चोरी, ते काय पोलिसात जाणार आहेत? ती म्हणाली की वरती लेखी कळवणार. कळव. दिल्लीत तुझं पत्र वाचायला कोण बसलंय?

४ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपती करून काल परतलो. घशात जरा काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. मोदक.

काल बन्सीच्या कॅसेटने प्रसारणाला सुरुवात झाली. हा बन्सी म्हणजे भागूबाईंचा थोरला दीर. लग्न केलं नाही, सगळी हयात धाकट्या भावाच्या, म्हणजे या खाटेवरच्या ज्ञानेश्वरच्या शेतात राबला. गुरुजींच्या प्रश्नावर म्हणतो, धाकट्याला जल्मात उलटून बोललो न्हाई, त्याला दोन शिव्या द्यायच्या राहिल्यात.

मी घरी आलो तर भागूबाईंनी मला पाहून डोक्यावरचा पदर पुढे ओढला. गणपतीला गेलो तोपर्यंत ही बाई माझ्यासमोर तंबाखू मळत होती. ताट वाढलं ते दाराआडून, बांगड्यांचासुद्धा आवाज होऊ न देता. काय झालं विचारलं तर उत्तर नाही. थोरल्या दिरापुढे बोलत नाहीत म्हणे त्यांच्यात. अडाणीपणालाही काही हद्द असावी!

ताटात मासवडी होती. मी सगळी खाल्ली आणि पुन्हा मागून घेतली. भूक लागली होती, दुसरं काही नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी चहा पीत ओसरीवर बसलो होतो. ज्ञानेश्वर नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून. मला भागूबाईंकडे साखर मागायची होती. तोंड उघडलं आणि साखर आलीच नाही. भलताच आवाज आला, जाड, फाटका, विडीने भाजलेला, आणि त्या आवाजाने खाटेवरच्या म्हाताऱ्याला अशा शिव्या हासडल्या की इथे लिहिता येणार नाहीत. अर्ध्या शिव्या मी आयुष्यात ऐकलेल्या नाहीत. आरं फुकटखाऊ, माझ्या घामावर दोन हिरी काढल्या आन मला गोठ्यात निजवलंस, असं बरंच. मी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हातांमधून येत राहिलं.

म्हाताऱ्याने मान वळवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, असं भागूबाई म्हणतात. त्याच्या अर्ध्या तोंडावर हसू होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दादा आला, दादा आला, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. भागूबाईंनी माझ्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या!

मग घसा एकदम मोकळा झाला, आणि आवाज परत आला, माझा, स्वच्छ. मी खोलीत जाऊन आरशासमोर स्वर लावून पाहिले. ठीक आहे. थकवा असेल. त्या कॅसेटी सारख्या ऐकून डोक्यात बसल्यात. नकलेचं अंग आहेच मला.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. आणि नक्कल नाही ती. आज बाजारात माझ्या तोंडून एक बाई बोलली आणि भाजीवालीला म्हणाली, माझी पितळी कळशी तूच उचलली होतीस, भवाने. भाजीवाली ओरडली, अगं बया, जाऊबाई! आणि घरी जाऊन ती कळशी घेऊनच आली. कळशी मिळाल्यावर बाई गेली. माझा आवाज परत.

म्हणजे पद्धत लक्षात आली. राहिलेलं उरकलं की जातात. कंत्राटी कामच म्हणायचं. ठीक आहे, उरकून टाकतो. १५ तारखेला घसा मोकळा हवा. या गावच्या क्षुद्र इच्छांपायी माझी चाचणी मी घालवणार नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस नुसती हमाली. बांधावर बिनकामाचा बसलो, तेव्हा माझ्याच तोंडातून कुणीतरी समाधानाने हुंकार देत होतं. एकाच्या बहिणीला भेटायला देवळालीला जाऊन आलो. गावाला काही वाटत नाही, उलट उत्सव! भागूबाईंच्या ओसरीवर रांग लागते. आमच्या मामांचं बघा, आमच्या आत्तीचं बघा. ज्यांनी संमतीचं एक वाक्य बोलायला नकार दिला तेच हे लोक, आता फुकटात राहिलेलं फेडून घेतायत. निर्लज्ज मेले. एकाने तर मला चहा पाजून म्हटलं, तुमाला बरं जमतंय, आमाला भ्या वाटतंय.

कल्याण खूश आहे. ‘आपली थडी’ राहुरीपर्यंत ऐकतात म्हणे आता. दिल्लीहून संदेश आलाय की हा तर जिवंत अभिलेखागार आहे, प्रकल्पाला मुदतवाढ देण्याचा विचार चालू आहे. यांच्या डोंबलाचा अभिलेखागार.

सगळे गेले. एक राहिलीय. आक्काबाई. तिची कॅसेट मी आज शेवटपर्यंत ऐकली. गुरुजी विचारतात, तुमचं काय राहिलंय? मग म्हणते, काय न्हाई राहिलं. सगळं झालं माझं. फकस्त मला जायचं न्हाई.

गुरुजी हसतात, म्हणतात, अहो, जावं तर लागतंच. ती म्हणते, तुमी जा.

१३ सप्टेंबर, शनिवार

माझ्या फोनला रेंज नव्हती, भागूबाईंच्या फोनवरून रेश्माला फोन केला. मी म्हटलं, रेश्मा, मी बोलतोय. ती म्हणाली, कोण पाहिजे तुम्हाला, आजी? मी म्हटलं, अगं मी, पंकज. ती म्हणाली, पंकज इथे नसतात आजी, ते गावाला गेलेत, त्यांचा नंबर आहे का तुमच्याकडे?

किती प्रेमाने बोलत होती. अनोळखी म्हातारीशी बोलावं तसं.

मी फोन ठेवला. मोठ्याने माझं नाव घेऊन पाहिलं आणि खोलीत एक बाई पंकज म्हणाली. सुरकुतलेला, गोड, ठाम आवाज. मला भीती वाटते. लिहून टाकतो, मला फार भीती वाटते आहे.

आता रेश्माला नुसते मेसेज पाठवतोय. घसा बसलाय म्हणून.

१५ सप्टेंबर, सोमवार

चाचणी. गरम पाणी, हळद, ज्येष्ठमध, सकाळपासून मौन. फोन लागला. मी उतारा उघडला, श्वास घेतला.

तिने वाचला. अडखळत, बोट ठेवून वाचल्यासारखा. मधेच थांबून तिकडच्या मुलीला विचारलं, तुमी जेवल्या का? तिकडे दोघं-तिघं हसली. ती मुलगी म्हणाली, सर गंमत करतायत का, की आजींना बसवलंय? पण छान आहेत हं आजी, बालकथांसाठी विचार करू.

बावीस वर्षांची कार्टी असेल. मला, पंकज शिधोरेला, बालकथा!

रडलो. रडण्याचा आवाजसुद्धा माझा नव्हता.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नगरला घशाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. नळी घालून पाहिलं. स्वरतंतू उत्तम आहेत, निवेदक असाल, म्हणाला. मी कागदावर लिहून दाखवलं की हा आवाज माझा नाही. त्याने मानसोपचाराची चिठ्ठी दिली.

तिथून सरळ वाचनालय. भारतीला सगळं लिहून दिलं. तिने दोनदा वाचलं. या गोष्टींवर माझा विश्वास नाही, म्हणाली, पण तुम्ही खोटं बोलला होता ते मागे घ्यायला मदत करीन. भर दुपारी स्टुडिओत गेलो. तिनेच यंत्र सुरू केलं. मी ओठ हलवत गेलो: मी वारस नाही, मी काही स्वीकारलेलं नाही. आवाज फुटला नाही, पण तसा प्रत्येक शब्द उच्चारला, शपथेवर सांगतो.

मग आम्ही ते वाजवून ऐकलं. आक्काबाई होती. म्हणत होती, माझं लेकरू हाय हे, मोप शिकल्यालं हाय, आता मला कोण घालवतंय.

भारती खुर्चीतून उठली. पुन्हा वाजवा म्हणाली नाही. तिला घाबरलेलं बघणं याच्याइतकं वाईट काही नसेल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

भारतीने आक्काबाईचा मुलगा शोधला. प्रवीण, सुप्याला कारखान्यात आहे. खरा वारस. एक वाक्य त्याने म्हणायचं, बस्स. फोन स्पीकरवर ठेवला होता, मी शेजारी श्वास रोखून.

तो म्हणाला, दहाव्याला दिवस कलेपर्यंत उभा होतो, कावळा शिवला न्हाई. तुझं राहिलं ते माझ्याकडं म्हनून सांगितलं तरी शिवला न्हाई. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. जिती हुती तवा घरात बायको नांदू दिली न्हाई, पोरांना भाकरी तीच देनार, दार तीच लावनार. मेल्यावर दोन वर्सं माझ्या पोरीच्या तोंडून बोलत हुती, गाव सोडलं तवा सुटलो. आता तुमी मनानं घेतलीय ना? रेडिओवरचं गाववाल्यांनी मोबाइलवर धाडलं ते ऐकलं आमी, लई ऐटीत म्हनत हुता. ठेवून घ्या. आमची पीडा गेली.

आणि हसला. असा तुच्छतेने हसला की मला ते हसू ओळखीचं वाटलं. मी गावाला असाच हसत आलोय.

त्याने फोन ठेवला. मी पाया पडायला तयार होतो त्याच्या, सांगायला आवाज कुठे होता.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दिल्लीची समिती येऊन गेली. आक्काबाई त्यांच्याशी तासभर बोलली. गावातल्या बायांनी मला शाली घातल्या. मुदतवाढ मंजूर, समन्वयकाला कायम करण्याची शिफारस. मी आत बसून ऐकत होतो. आत म्हणजे कुठे, ते सांगता येत नाही —

ती मला बोलू देत नाही असं नाही. ती मला गप करते, लहान पोराला करावं तसं. गप रं, तुला कळत न्हाई.

लिहिणं अजून माझं हाय. आहे. आहे. आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

पळून जायला निघालो. काळी-पिवळीच्या थांब्यापर्यंत गेलो. तिने वाटेत प्रत्येकाला हाक मारली, चौकशी केली, लोकांनी धरून घरी आणून बसवलं. उद्या सर्वपित्री, उद्या कुठं चाललात आक्का? मला आक्का म्हणतात. सगळे. भागूबाई पाय दाबून देते.

त्यांना माहीत आहे. आत मी आहे हे त्यांना माहीत आहे आणि कुणाला काही पडलेलं न्हाई —

भारतीने रेश्माला फोन केला. म्हणे, येतेय. उद्या.

रेश्मा ओळखेल. ती डोळे मिटून ओळखते मला —

२१ सप्टेंबर, रविवार

आली. भर दुपारी, घामाने डबडबलेली, भारती सोबत. मला पाहून हसली, धावत आली. म्हणाली, काहीतरी बोल ना, किती दिवसांत आवाज ऐकला नाही —

तोंड उघडलं नाही. दात दाबून धरले. ती म्हणाली, पंकज, बोल. मी मान हलवली. ती रडायला लागली, बोल ना, एक शब्द, माझं नाव तरी —

मी बोललो.

ती मागे सरकली. भिंतीला टेकलीय. भारतीने तिला धरलंय. माझ्याकडे बघतायत दोघी.

ही वही घेतलीय. रेश्मासमोरच लिहितोय, ती वाचतेय, वरून, एकेक अक्षर. रेश्मा, हे मी लिहितोय. अक्षर बघ. माझं आहे ना? तू विंगेत उभी होतीस. निळा ड्रेस. मी भाषण विसरलो तेव्हा तू ओठांनी पुढची ओळ सांगितलीस, हे कुणाला माहीत नाही, फक्त मला आणि तुला. बघ, मी आहे. मी आत आहे. मला इथून ने, बोलता आलं नाही तरी चालेल, मुका नवरा चालेल ना तुला, रेश्मा, हात धर, पेन धरलेला हात धर, तो अजून माझा —

हां, असा. घट्ट धर. सोडू नकोस, काही झालं तरी —

किती गार हात हायेत गं पोरी तुझे. उनातान्हाची आलीस. बस की, उभी का? रडू न्हाई. आता हितंच ऱ्हायचं आपल्याला, मी चूल पेटवते, तुला गरम गरम भाक